तीच फाइल, तोच प्रिंटर आणि कचऱ्याचा ढीग: न समजणारा फॉरमॅट छापण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण एका छोट्या कार्यालयातलं. तिथे एक प्रोग्राम दिवसभर पावत्या आणि चलनांच्या पीडीएफ तयार करतो आणि सामायिक फोल्डरमध्ये टाकतो. बरीच वर्षं पद्धत अशी होती की हिशेब बघणाऱ्या बाई अधूनमधून फोल्डर उघडायच्या, एकेक पीडीएफ उघडून प्रिंट काढायच्या आणि गठ्ठा पुढे पाठवायच्या. काम वाढलं तसं हे उघडा, छापा, बंद करा अंगावर यायला लागलं. मग प्रोग्राम लिहून देणाऱ्या मुलाने सोपा मार्ग काढला. पीडीएफ तयार झाली की स्क्रिप्टने ती थेट प्रिंटरच्या नेटवर्क पत्त्यावर, ९१०० नंबरच्या पोर्टवर (आलेले बाइट जसेच्या तसे घेणाऱ्या प्रिंटरच्या दारावर) ढकलायची. मध्ये माणूस नको, उघडणं नको, काही नको.

स्क्रिप्ट चालू झाली आणि प्रिंटर पानं ओकायला लागला. एका पानाच्या पावतीसाठी ट्रे रिकामा होईपर्यंत कागद. कुठे एकच ओळ, कुठे चार-दोन चिन्हं, कुठे अख्खं पान कोरं. कोणीतरी प्रिंटर बंद केला, चालू केला, पुन्हा तेच. "प्रिंटर गेला" असा निकाल लागला आणि दुरुस्तीवाल्याला फोनही झाला. मला बोलावलं तेव्हा तो ढीग टेबलावर तसाच होता.

बाई म्हणाल्या, "अहो सर, प्रिंटर कसा गेला असेल? हीच फाइल मी उघडून छापली की स्वच्छ येते. आत्ता दाखवते." आणि त्यांनी दाखवली. तीच पीडीएफ, तोच प्रिंटर, सुबक पावती.

त्यांच्या या एका प्रात्यक्षिकाने निम्मं निदान झालं होतं. मशीन ठीक, फाइल ठीक. म्हणजे दोघांच्या मधल्या वाटेवर आधी कोणीतरी होतं आणि आता ते नाही.

ढीग वाचायचा असतो

असा कचरा लोक थेट टोपलीत टाकतात. मी तो आधी वाचतो, कारण प्रिंटरला नेमकं काय मिळालं हे त्यातच लिहिलेलं असतं. पहिल्या पानाच्या डोक्यावर टक्क्याचं चिन्ह, त्याला लागून 'पीडीएफ' ही रोमन अक्षरं आणि १.४ हा आकडा होता. कुठल्याही पीडीएफची सुरुवात अशीच होते, पुढचा आकडा तेवढा आवृत्तीप्रमाणे बदलतो. त्याखाली 'ऑब्जेक्ट', 'स्ट्रीम' अशा अर्थाचे शब्द होते, पण सरळ एकाखाली एक नव्हे. प्रत्येक ओळ आधीची जिथे संपली तिथून पुढे सुरू झालेली, जिन्याच्या पायऱ्यांसारखी तिरकी उतरत गेलेली. मग उजव्या कडेला जाऊन सगळं गडप.

या पायऱ्यांचं कारण साधं आहे. 'खालच्या ओळीवर जा' आणि 'डाव्या कडेला ये' या प्रिंटरच्या लेखी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. कित्येक फाइलींत ओळीच्या शेवटी फक्त पहिलीच असते. फाइल वाचणारा प्रोग्राम दुसरी मनाने धरून घेतो, प्रिंटर धरत नाही. म्हणून पायऱ्या दिसल्या की समजावं, प्रिंटर आलेली फाइल निव्वळ मजकूर म्हणून अक्षर-अक्षर छापतोय. तो तिला पीडीएफ मानतच नाहीये.

मग इतके कागद का? पीडीएफमधला पानांचा मजकूर, फॉन्ट आणि चित्रं दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून ठेवलेली असतात. दाबलेल्या डेटात ० ते २५५ यांतला कुठलाही बाइट, म्हणजे फाइलमधला एकेक आकडा, जवळपास सारख्याच वेळा येतो. मजकूर म्हणून वाचताना १२ या बाइटचा अर्थ होतो 'हे पान बाहेर काढ, नवीन घे'. म्हणजे सरासरी दर २५६ बाइटांमागे एक पान बाहेर. एक लाख बाइटांच्या दाबलेल्या डेटात हे जवळपास ३९० वेळा होईल. अर्धं रीम संपवायला एक पावती पुरते. शिवाय २७ हा बाइट 'पुढे आज्ञा येतेय' असं सांगतो. त्याच्यामागून जे येईल ते प्रिंटर आज्ञा समजून पाळायला बघतो, त्यामुळे मध्येच अक्षरांचा आकार बदलणं, पान आडवं होणं असले प्रकार दिसतात. भुताटकी वाटते, पण प्रिंटर इमानेइतबारे सांगितलेलं करत असतो.

या प्रिंटरला कळतं काय?

प्रिंटरच्या मेन्यूमधून कॉन्फिगरेशनचं पान छापून घेतलं. हे पान फुकटचं असतं आणि सगळ्यात आधी बघायचं असतं, तरी कोणी बघत नाही. त्यावर भाषांच्या रकान्यात तीन नावं होती: पीसीएल (पान रंगवायची एचपीची भाषा), पीसीएल एक्सएल (त्याच कुळातली नंतरची भाषा) आणि पीजेएल (पुढे कोणती भाषा येणार वगैरे प्रिंटरला सांगणाऱ्या आज्ञा). पोस्टस्क्रिप्ट नाही, पीडीएफ नाही. निदान इथे पूर्ण झालं.

थोडं मागे जातो, कारण पुढचे निर्णय यावर उभे आहेत. प्रिंटरला 'फाइल' ही गोष्टच माहीत नसते. पान कसं रंगवायचं हे सांगणारी एखाद-दुसरी भाषा त्याच्यात बसवलेली असते आणि त्या भाषेत आलेल्या आज्ञा तो पाळतो. एचपीने १९८४ साली लेझरजेट आणला तेव्हा त्यात पीसीएल होती. अडोबीची पोस्टस्क्रिप्ट १९८५ साली अॅपलच्या लेझररायटरमधून टेबलावर आली. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण प्रोग्रामिंगची भाषा आहे, तिला प्रिंटरच्या आत चांगला प्रोसेसर आणि मेमरी लागायची, वर अडोबीच्या परवान्याचे पैसे. म्हणून स्वस्त आणि मधल्या मशीनांत बहुधा पीसीएलच असायची. पीडीएफ १९९३ साली आली आणि २००८ साली तिचं आयएसओ मानक झालं, पण ती घडली कागदपत्रं साठवायला आणि वाचायला. कुठली वस्तू फाइलमध्ये कुठे आहे याची यादी पीडीएफच्या शेवटाकडे असते. म्हणजे प्रिंटरने ती थेट छापायची तर आधी पूर्ण फाइल पोटात घ्यायला हवी, मग शेवट बघून सुरुवातीकडे यायला हवं. पीसीएलमध्ये असं नाही, आज्ञा येतील तसं पान रंगवत जायचं. पीडीएफ थेट घेणारे प्रिंटर आता पुष्कळ आहेत, पण हा त्यांतला नव्हता.

मग बाईंच्या हातून छापलेली पावती कशी येत होती? त्यांच्या कंप्युटरवर पीडीएफ वाचणारा प्रोग्राम पान रंगवून विंडोजच्या हवाली करायचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर त्याची पीसीएल एक्सएल करायचा. तिथे एक दुभाष्या बसलेला होता. 'प्रिंट' म्हटलं की तो आपोआप कामाला लागायचा, म्हणून त्याच्याकडे कधी कोणाचं लक्षच गेलं नाही. स्क्रिप्टने माणसाला वगळताना दुभाष्यालाही वगळलं.

हे तोंडी सांगण्यापेक्षा दाखवणं बरं पडतं. बाईंच्या कंप्युटरवर तीच पावती 'प्रिंट टू फाइल' करून घेतली आणि दोन्ही फाइलींची पहिली ओळ प्रोग्रामरला शेजारी शेजारी उघडून दिली. एकीकडे टक्का आणि पीडीएफ. दुसरीकडे २७ नंबरच्या बाइटने सुरू होणारी एक साखळी, मग पीजेएलच्या ओळी, आणि त्यांत चक्क लिहिलेलं की आता पीसीएल एक्सएल भाषेत शिर. ही दुसरी फाइल त्याच्याच स्क्रिप्टने ९१०० पोर्टवर पाठवली आणि पावती आली. त्याचा चेहरा खुलला. लगेच म्हणाला, मग पीडीएफचं एक्स्टेन्शन बदलून पाठवलं तर? नाही. नाव बदलून आतले बाइट बदलत नाहीत, आणि प्रिंटरपर्यंत फाइलचं नाव पोचतही नाही.

त्याने आणखी एक आडवाट करून बघितली, ती सांगण्यासारखी आहे. पीडीएफ जड जात असेल तर पावतीचा नुसता मजकूर पाठवू, मजकूर तर कळतो ना याला! इंग्रजी आकडे बरोबर आले, पायऱ्या तेवढ्या दुरुस्त कराव्या लागल्या. मराठीचं मात्र भलतंच झालं. 'पावती' हा शब्द युनिकोडमध्ये पाच चिन्हांचा: प, काना, व, त आणि दीर्घ वेलांटी. युनिकोड बाइटांत लिहायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे एकूण पंधरा. प्रिंटर पीसी-८ या जुन्या चिन्हसंचावर लावलेला होता, तिथे एक बाइट म्हणजे एक चिन्ह. त्यामुळे 'पावती'च्या जागी पंधरा चिन्हं छापली गेली. त्यांत ग्रीक अल्फा पाच वेळा, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट एकच आहे. अल्फाच्या मागे बहुतेक वेळा डोक्यावर नागमोडी रेघ असलेलं स्पॅनिश एन. 'त'च्या जागी तर अल्फा आणि दोनदा तेच एन. कागदावर असं अल्फा-एन, अल्फा-एन दिसलं की ओळखावं, यूटीएफ-८ देवनागरी जुन्या प्रिंटरला कच्ची पाजली आहे. चिन्हसंच बदलून हे सुटणारं नाही. त्या प्रिंटरच्या पोटात देवनागरी फॉन्टच नाही, आणि असता तरी जोडाक्षरं जुळवणं, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवणं ही कामं त्याला येत नाहीत. ती आधी कोणीतरी करून द्यावी लागतात. पीडीएफ बनताना ती झालेली असतात, हा पीडीएफचा आपल्यासाठी मोठा फायदा आहे. म्हणून पीडीएफ सोडायची नाही, तिच्या पुढचा टप्पा सुधारायचा.

कुठे बदलायचं?

भाषांतर हवं हे ठरलं. खरा वाद होता ते कुठे व्हावं याचा.

पहिला प्रस्ताव आला नवा प्रिंटर घेण्याचा, पीडीएफ थेट घेणारा. मी विरोधात होतो. थेट पीडीएफ घेणाऱ्या मशीनमध्येही शेवटी एक दुभाष्याच असतो, फक्त तो मशीनच्या आत बंद असतो. एखाद्या फाइलवर तो अडला तर आपल्या हातात काही राहत नाही, त्याची आवृत्ती निर्मात्याने नवं फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतला प्रोग्राम, दिलं तरच बदलते. शिवाय चालतं मशीन फेकायचं कशाला?

दुसरा प्रस्ताव: बाईंच्याच कंप्युटरवर पीडीएफ वाचणारा प्रोग्राम स्क्रिप्टमधून उघडून त्यालाच छापायला लावायचं. हे चालतं आणि बरेच लोक करतात. पण त्यासाठी कोणीतरी लॉग-इन असावं लागतं, खिडकी उघडी राहते, आणि 'नवी आवृत्ती आली आहे' असली एखादी पाटी वर आली की मागची सगळी रांग ठप्प. माणूस काढून टाकायला निघालो होतो, इथे तर त्याला पाटी बंद करायच्या ड्युटीवर बसवल्यासारखं होतं.

राहिले दोन मार्ग. स्क्रिप्टमध्येच पीडीएफची पीसीएल करून पाठवायची, किंवा मध्ये एक प्रिंट सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची छपाई सांभाळणारा कंप्युटर, ठेवून त्याच्या क्यूमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, ते काम सोपवायचं. प्रोग्रामरला पहिला आवडला, कारण दोन ओळींचं काम. मला दुसरा. कारण उद्या दुसरा कोणी दुसरा प्रोग्राम आणेल, तोही पीडीएफ ९१०० वर ढकलेल आणि हाच ढीग पुन्हा टेबलावर येईल. पण आधी भाषांतर हाताने करून बघणं भाग होतं, म्हणून सुरुवात त्याच्याच मार्गाने केली.

त्यासाठीचं हत्यार घोस्टस्क्रिप्ट. एल. पीटर डॉइच यांनी १९८८ साली पहिल्यांदा बाहेर आणलेला हा प्रोग्राम पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ वाचतो आणि पाहिजे त्या प्रिंटरच्या भाषेत उतरवून देतो. त्याला 'डिव्हाइस' सांगावं लागतं. पीसीएलसाठी 'एलजेट४' हे जुनं, भरवशाचं डिव्हाइस. ते अख्ख्या पानाचं ठिपक्यांचं चित्र बनवतं. ए४ कागद, इंचाला ६०० ठिपके: ४,९६१ गुणिले ७,०१६, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी ठिपके. एका ठिपक्याला एक बिट धरला तर दाबण्याआधी सव्वाचार मेगाबाइटांच्या वर. साध्या मजकुराचं पान दाबलं की अगदी छोटं होतं, पण या पावत्यांवर मागे फिकट राखाडी चिन्ह होतं. राखाडी रंग म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, आणि ती जाळी नीट दाबली जात नाही. पान यायला वेळ लागायला लागला. मग 'पीएक्सएलमोनो' हे डिव्हाइस लावलं. ते पीसीएल एक्सएल बनवतं आणि अक्षरं, रेघा शक्य तिथे अक्षरं-रेघा म्हणूनच पाठवतं. फाइल लहान झाली, वेग आला. मागचं चिन्ह पारदर्शक ठेवलेलं होतं, तोवर मात्र हा फायदा मिळत नव्हता. पारदर्शकता आली की पीसीएलसाठी ती सपाट करावी लागते आणि पानाचं पुन्हा चित्रच होतं. चिन्ह पारदर्शक न ठेवता साधं फिकट राखाडी करायला सांगितलं. दिसण्यात काडीचा फरक पडला नाही.

इथे एक सावधगिरी. हे सगळं जमलं कारण प्रिंटरला पीसीएल खरोखर येत होती. ज्यांना कुठलीच सामान्य भाषा येत नाही असेही बरेच स्वस्त प्रिंटर असतात. सगळं रंगकाम कंप्युटर करतो आणि निर्मात्याच्या खासगी सांकेतिक रूपात तयार ठिपके पाठवतो. त्यांना होस्ट-बेस्ड किंवा जीडीआय प्रिंटर म्हणतात. त्यांच्यापुढे ही दोन्ही डिव्हाइसं निरुपयोगी, त्या मॉडेलचाच ड्रायव्हर शोधावा लागतो. म्हणून कॉन्फिगरेशनचं पान आधी.

पावती आली, पण

पहिली पावती स्वच्छ आली. दुसऱ्या प्रकारच्या चलनावर मात्र सगळं मराठी गायब, त्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. बाईंच्या कंप्युटरवर तेच चलन ठीक छापलं जात होतं. म्हणजे पुन्हा त्यांच्याकडे असं काहीतरी होतं जे इथे नव्हतं. पीडीएफमधल्या फॉन्टची यादी काढणारी 'पीडीएफफॉन्ट्स' ही छोटी कमांड चालवली. चलनातल्या मराठी फॉन्टसमोर 'एम्बेडेड' रकान्यात 'नो'.

गोम अशी की चलनाचा साचा जुना होता, युनिकोडच्या आधीच्या एका मराठी फॉन्टमध्ये बनवलेला. अशा फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. पीडीएफमध्ये फॉन्ट भरलेला नसेल तर वाचणारा आपल्या मशीनवर त्या नावाचा फॉन्ट शोधतो. बाईंकडे तो होता. स्क्रिप्टच्या मशीनवर नव्हता, म्हणून घोस्टस्क्रिप्टने दुसरा फॉन्ट लावला आणि त्या जागांवरची रोमन अक्षरं उघडी पडली. त्या मशीनवर तो फॉन्ट टाकून वेळ मारून नेता आली असती. तसं केलं नाही. चलनाचा साचा युनिकोड फॉन्टमध्ये नव्याने करून घेतला आणि पीडीएफ बनवताना फॉन्ट आत भरायची सेटिंग चालू केली. पीडीएफ स्वतःपुरती पूर्ण असली पाहिजे. ज्या मशीनवर बनली त्या मशीनवरच ती बरोबर दिसत असेल तर ती अर्धवट आहे.

यानंतर कागदाची भानगड. काही पावत्या पाठवल्यावर प्रिंटर नुसता थांबायचा आणि पडद्यावर लेटर कागद भरा म्हणायचा. ट्रेमध्ये ए४. पीडीएफ बनवणारी लायब्ररी (प्रोग्राममध्ये वापरलेला तयार कोड) काही पावत्यांसाठी कागदाचा आकार न सांगताच चालवली जात होती आणि तिचा मुळातला आकार लेटर होता, २१६ गुणिले २७९ मिलिमीटर. ए४ आहे २१० गुणिले २९७. ड्रायव्हरमधून छापताना 'पानात बसवा' चालू असल्यामुळे हे आजवर दबलेलं होतं.

घोस्टस्क्रिप्टला कागद ए४ धर, तो बदलू नको आणि पान त्यात बसव असं सांगता येतं. तसं सांगितलं, प्रिंटर थांबायचा बंद झाला, सगळे खूश. मग गोदामातून तक्रार आली की काही पावत्यांवरचा बारकोड वाचला जात नाही. डोळ्यांना तो अगदी व्यवस्थित दिसत होता. भिंगाखाली धरल्यावर कळलं, सारख्या असायला हव्यात अशा पातळ रेघांपैकी काही इतरांहून किंचित जाड होत्या. बारकोडची सगळ्यात बारीक रेघ पाव मिलिमीटरची. इंचाला ६०० ठिपक्यांवर ती सहा ठिपक्यांच्या आसपास बसते. लेटरची रुंदी ए४ मध्ये बसवताना सगळं साधारण ९७ टक्के होतं, रेघ पूर्ण ठिपक्यांत बसत नाही, मग जागेप्रमाणे कुठे पाच ठिपके, कुठे सहा. माणसाला फरक पडत नाही, स्कॅनरला पडतो. शेवटी लायब्ररीला आकार ए४ सांगितला आणि 'पानात बसव' काढून टाकलं. आकार बदलणं ही छपाईच्या वाटेवर करायची गोष्ट नाही असं माझं या प्रकरणानंतर पक्कं मत आहे, निदान जिथे बारकोड आहे तिथे तरी.

क्यू

हाताने सगळं जमल्यावर ते कप्समध्ये बसवलं. कप्स ही लिनक्स आणि मॅकवरची छपाईची व्यवस्था. मायकेल स्वीट यांनी तिचं काम १९९७ साली सुरू केलं, पुढे २००७ साली अॅपलने तिचा सोर्स कोड विकत घेतला. कार्यालयात एक जुना कंप्युटर पडून होता, त्यावर लिनक्स टाकून तो प्रिंट सर्व्हर केला.

कप्स नेमकं तेच करतं जे आपण ढिगाच्या पहिल्या पानावर डोळ्यांनी केलं: फाइलचे सुरुवातीचे बाइट बघतं आणि ही पीडीएफ आहे, हे जेपीईजी चित्र आहे, हा साधा मजकूर आहे हे ओळखतं. मग त्यापासून प्रिंटरच्या भाषेपर्यंत जायला कोणकोणते फिल्टर, म्हणजे एका रूपातून दुसऱ्यात नेणारे छोटे प्रोग्राम, लावावे लागतील याची साखळी स्वतः जुळवतं. प्रत्येक फिल्टरला एक 'खर्च' लिहिलेला असतो आणि सगळ्यात स्वस्त साखळी निवडली जाते. लिनक्सवर आता या साखळीच्या मधोमध पीडीएफ असते. पूर्वी ती जागा पोस्टस्क्रिप्टची होती. जे येईल ते आधी पीडीएफ, मग पीडीएफमधून प्रिंटरची भाषा. हाच नियम मी वर्डच्या फाइलींनाही लावला. त्यांच्यासाठी लिबरऑफिस खिडकी न उघडता चालवून आधी पीडीएफ करून घ्यायची. थेट वर्डमधून पीसीएल असा शॉर्टकट शोधत बसू नये. पीडीएफ उघडून बघता येते, बिघाड कोणत्या टप्प्यात आहे ते लगेच कळतं.

क्यू बनवताना एक सापळा आहे. प्रिंटर जोडताना ड्रायव्हरच्या यादीत 'रॉ' असा पर्याय दिसतो. तो निवडला की कप्स काही न बदलता बाइट तसेच पुढे सरकवतं. 'रॉ' क्यूवर पीडीएफ पाठवली की पुन्हा तोच ढीग. 'सर्व्हर लावला तरी कचराच येतो' असं कोणी म्हटलं तर मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

स्क्रिप्ट आता ९१०० वर न पाठवता आयपीपीने (प्रिंटरशी दोन्ही बाजूंनी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने), ६३१ पोर्टवर, क्यूला जॉब, म्हणजे छपाईचं एक काम, देते. भाषांतराइतकाच मोठा फरक इथे पडला. ९१०० वर बाइट स्वीकारले गेले एवढंच कळतं, कागद आला का, ट्रे रिकामा आहे का, काही नाही. पहिल्या दिवशी ढीग पडत असताना स्क्रिप्टच्या लॉगमध्ये प्रत्येक पावतीसमोर 'यशस्वी' लिहिलेलं होतं! आयपीपीमध्ये प्रत्येक जॉबची अवस्था विचारता येते: रांगेत आहे, छापतोय, थांबलाय, रद्द झाला, आणि थांबला असेल तर का. प्रोग्रामरने पावतीसमोर ती अवस्था दाखवायला सुरुवात केली आणि बाईंचं प्रिंटरपाशी जाऊन बघणं जवळपास बंद झालं.

सर्व्हर लावल्यावर मागितली नसलेली एक सोयही मिळाली. कप्सची क्यू नेटवर्कवर जाहीर करता येते, आणि फोनला ती पीडीएफ घेणारा आधुनिक प्रिंटर म्हणून दिसते. एअरप्रिंट ही अॅपलची फोनवरून छापायची सोय आली २०१० साली, हा प्रिंटर त्याच्याही आधीचा, तरी आता फोनवरून त्यावर छापता येतं. फोनला वाटतं तो प्रिंटरशी बोलतोय, बोलत असतो सर्व्हरशी.

शेवटचं काम प्रोग्रामरला जाचक वाटलं, पण मी अडून बसलो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ९१०० पोर्टवर फक्त प्रिंट सर्व्हरचा पत्ता चालेल असं करून टाकलं. सगळ्यांच्या कंप्युटरवर प्रिंटर नव्याने, सर्व्हरच्या क्यूमार्फत जोडावा लागला, त्यात थोडी कुरकुर झाली. घोस्टस्क्रिप्टची आवृत्तीही बघून घेतली. बाहेरून आलेली फाइल त्याच्यातून जाणार, आणि पोस्टस्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा असल्याने वाकडी फाइल सर्व्हरवरच्या इतर फाइलींना हात घालू शकते. त्याला आवर घालणारा 'सेफर' हा पर्याय २०१९ सालच्या ९.५० आवृत्तीपासून आपोआप चालू असतो. त्याच्या आधीची आवृत्ती असेल तर तो स्वतः सांगावा लागतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. काही पुरवठादारांकडून पासवर्ड लावलेल्या पीडीएफ येतात. त्या क्यूवर गेल्या की फिल्टर त्या उघडू शकत नाही आणि जॉब रद्द होतो. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायला मी नकार दिला. अशा फाइली स्क्रिप्ट आता वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवते, आणि बाई त्या पूर्वीसारख्याच उघडून, पासवर्ड घालून, हाताने छापतात.